अंगातला गारठा

भाताच्या लावणीत माणसानं मागं मागं सरकायचं असतं. बाकीच्या बायका तशा सरकत बांधापर्यंत पोचल्या आणि राही एकटीच मळ्याच्या मध्ये अडकून राहिली. दोन्ही अंगांना तरवा, भाताची रोपं, लागलेली, आणि तिच्या पाठीमागं तेवढी चिखलाची पट्टी मोकळी. ती वाकलेली होती, हातात मूठ होती, पण मुठीतल्या काड्या सुट्या करायला बोटं वळत नव्हती. पाऊस भुरभुरत होता. बाकीच्या बायकांच्या अंगातून काम करून वाफा निघत होत्या आणि राही प्लास्टिकच्या खोळीखाली कुडकुडत होती.

सुगंधा, तिची धाकटी जाऊ, बांधावरून परत चिखलात उतरली.

"ताय, तुमी व्हा बाजूला. मी घेते तुमची पट्टी."

राही बाजूला झाली. बांधावर चढताना तिचा पाय घसरला आणि ती चिखलात बसली. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बायका नुसत्या थांबल्या आणि पुन्हा वाकल्या. सासू सोनूबाई पलीकडून तरव्याच्या मुठी फेकत होती. ती म्हणाली, "गेल्या साली हिच्या बरोबरीनं कोन पुरत नव्हता." हे तिनं कौतुकानं म्हटलं की टोचून, ते राहीला समजलं नाही.

संगमेश्वर तालुक्यात, देवरुखच्या रस्त्यापासून आत, पाखाडीच्या पायऱ्या चढून गेलं की माळकोंड लागतं. तिथं सोनूबाईचं घर होतं. थोरला भागोजी मुंबईला भांडुपला गोदामात कामाला, गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत राहायचा. त्याचा मुलगा गुरुप्रसादही शिकायला त्याच्याकडेच गेला होता. धाकटा लवू गावी शेती बघायचा. लवूची बायको सुगंधा आणि भागोजीची बायको राही, दोघी जावा मिळून घर ओढायच्या. सुगंधाला दोन लहान पोरं, म्हणून जड काम राहीनं उचलायचं, असं न बोलता ठरून गेलेलं. गुरांचं शेण, विहिरीचं पाणी, कवळं म्हणजे झाडांच्या पानाळ डहाळ्या तोडणं, लाकडाची मोळी. राहीनं कधी कुरकुर केली नव्हती. तिला कामाची हौस होती. भल्या मोठ्या भाऱ्याखाली ती अशी चालायची की मागून नुसता भाराच चालल्यासारखा दिसायचा.

ती राही गेल्या थंडीपासून हळूहळू बदलली. आधी नुसता थकवा. सकाळी उठली तरी रात्रभर भारे वाहिल्यासारखं अंग. मग केस. फणी फिरवली की गुंतवळ हातात यायचं, ती ते मुठीत लपवून परसात टाकायची. वैशाखात सगळं घर पडवीत उघड्यावर झोपायचं तेव्हा ती माजघरात गोधडी घेऊन पडायची. आवाज घोगरा झाला. पोट आठ-आठ दिवस साफ व्हायचं नाही. महिन्याचं जाणं इतकं वाढलं की जुनी लुगडी फाडून पुरेनात. हे ती कुणाला सांगणार. आणि खाणं निम्म्यावर आलं तरी अंग मात्र फुगत चाललं. वाडीतल्या बायका विहिरीवर विचारायच्या, दिवस गेलेत काय गो. ती नाही म्हणायची. मग त्या एकमेकींकडे बघायच्या. काम कमी आणि अंग जास्त, याचा अर्थ लावायला वाडीत कुणाला वेळ लागत नाही.

गणपतीला कासार आला तेव्हा ते सगळ्यांच्या समोर निघालं. पडवीत बायका हात पुढं करून बसल्या होत्या. कासारानं राहीच्या नेहमीच्या मापाच्या बांगड्या काढल्या. बांगडी अंगठ्याच्या हाडाशीच अडली. त्यानं साबणाचं पाणी लावलं, हात दाबला, पिळला. बांगडी पिचली आणि काच राहीच्या मनगटात घुसली. कासार बिचारा ओशाळला. म्हणाला, माप वाढलंय, वरचं माप माझ्याकडं आज नाही. राही रक्त पुसत उठली. त्या वर्षी गौरीला तिच्या हातात जुन्या दोन-दोनच बांगड्या होत्या, ज्या आता निघतही नव्हत्या.

भागोजी सणाला आला होता. त्यानं तिच्या सुजल्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, काय होतंय. तिनं सांगितलं, थकायला होतं. त्याला ते पुरेसं वाटलं नाही. थकायला त्यालाही होत होतं. तरी तो माणूस वाईट नव्हता. बाजाराच्या गावी येणाऱ्या डॉक्टरची इंजेक्शनं झाली होती, ताकदीच्या गोळ्या झाल्या होत्या, सूज उतरायला लघवीच्या गोळ्या झाल्या होत्या. सोनूबाईनं देवळात गाऱ्हाणंही घालून घेतलं होतं. कशानंच फरक नव्हता. म्हणून मुंबईला परत जाण्याआधी भागोजी तिला घेऊन मोठ्या गावातल्या एका डॉक्टरकडे गेला.

त्या दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी गळा बघितला, 'थायरॉईड असेल' असं म्हणून रक्त तपासायला सांगितलं. तो शब्द दोघांनीही पहिल्यांदाच ऐकला. तिथल्याच लॅबवाल्यानं रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन भागोजी एकटाच गेला. डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली, म्हणाले, थायरॉईड नॉर्मल आहे, काही काळजी नाही. खाणं कमी करायला सांगा, चालायला सांगा, मन गुंतवायला सांगा.

भागोजी घरी आला तो हसऱ्या तोंडानं. एवढा मोठा संशय खोटा निघाला याचा त्याला खरोखर आनंद झाला होता. पडवीत बसून त्यानं सगळ्यांना सांगितलं, सगळं नॉर्मल आहे. राही दारात उभी होती. तिला वाटलं होतं, कागदात काहीतरी निघेल. काही निघालं नाही म्हणून तिला रडू येत होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. भागोजी मुंबईला गेला, पण 'नॉर्मल' हा शब्द घरात राहिला.

कापणीला तो शब्द रोज कानावर यायला लागला. राही भारा उचलताना थांबली की लवू म्हणायचा, वैनी, रिपोर्ट नॉर्मल हाय ना. दुपारी ती भिंतीला टेकली की सुगंधा भांडी आपटायची. सुगंधालाही काही कमी त्रास नव्हता. तिच्या तळहाताला विळ्यानं घट्टे आले होते, धाकटं पोर अंगावर पीत होतं, आणि भल्या पहाटेपासून दोघींचं काम तिच्या एकटीच्या पाठीवर. ती कुणाशी भांडली नाही. ती फक्त राहीशी बोलायची थांबली.

भात झोडून झालं तेव्हा एका दुपारी खळ्यात बांबूच्या तट्ट्यांवर ते वाळत घातलं. सगळे वरच्या मळ्यात पेंढा बांधायला गेले. राहीला एवढंच काम दिलं, कोंबड्या-गुरं हाकायची आणि आभाळ भरून आलंच तर भात गोळा करायचं. ती खांबाला टेकून बसली. काठी हातात होती. तिला पेंग आली असं नव्हे, तिचे डोळे जसे कुणीतरी ओढून मिटले. सह्याद्रीच्या अंगानं आभाळ काळं झालं, गडगडलं, थेंब पडले. वरच्या मळ्यातून लवू आणि सुगंधा धावत आले तेव्हा भातावरून पाणी वाहत होतं, आणि राही खांबाला टेकून तशीच बसलेली, साडीचा पदर भिजून अंगाला चिकटलेला. लवूनं हाक मारली तेव्हा तिनं डोळे उघडले. काय झालंय ते कळायला तिला बराच वेळ लागला.

त्या संध्याकाळी ओलं भात घरभर पसरलं होतं, चुलीजवळ, माजघरात, पडवीत. त्याला आंबूस वास सुटला होता आणि माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी चहा पिऊन झाल्यावर लवू आईला म्हणाला, "आये, चूल येगळी करूया. माजा वैनीवर राग नाय. पन सुगंधा मरंल अशानं."

सोनूबाईनं कप खाली ठेवला. राही आत ओलं भात हातानं चाळवत होती, तिला सगळं ऐकू येत होतं. चूल वेगळी म्हणजे जमीन वेगळी. भागोजी मुंबईला. एकटीच्या अंगावर अर्धी शेती, गुरं, पाणी. जे दोघींना मिळून झेपत नव्हतं त्यातलं अर्धं तिच्या या अंगाला कसं झेपणार. लवूला हे माहीत होतं. बहुतेक त्याला वाटत होतं की अंगावर पडलं की ती उठेल. सोनूबाई एवढंच म्हणाली, दिवाळी होऊ दे.

नरकचतुर्दशीला पहाटे न्हाणीत हंडा तापला होता. सोनूबाई दरवर्षी दोन्ही सुनांच्या पाठीला तेल लावायची. आधी सुगंधा न्हाऊन गेली. मग राही पाटावर येऊन बसली. सोनूबाईनं कोमट तेल ओंजळीत घेऊन तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला.

पाठ थंड होती. चूल धडधडत होती, न्हाणी वाफेनं भरली होती, म्हातारीच्या स्वतःच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि हिची पाठ कातळासारखी गार. कातडी तर सागाच्या पानासारखी खरखरीत. सोनूबाईनं दंड चाचपले, मान चाचपली, पायाची नडगी दाबली. मग डोक्याला तेल लावलं तर केसांची बट हातात आली.

"कवापासून हाय ह्यो गारठा?"

"गेल्या थंडीपासून, आये."

"मग बोलली नाय ती?"

राही घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बोलले व्हते. थकायला व्हतं म्हनून सांगितला. मंग रिपोर्ट आला."

सोनूबाई बराच वेळ तेल चोळत राहिली. तिच्या डोळ्यांपुढे ती लावणी आली असावी, कारण एकदम तिचा हात जोरात चालायला लागला, जणू त्या कातडीत ऊब आणूनच सोडायची होती. मग पाणी ओतताना म्हणाली, "आळशी मानसाचा अंग गरम असता गो. माजा जलम गेला मानसा बघन्यात. तुजा अंग गार पडलाय. दिवाळी झाली की आपन देवरुखला जाऊ."

लवूनं विरोध केला नाही, पण म्हणाला, एकदा नॉर्मल आलंय ते परत कशाला तपासायचं. सोनूबाईनं ट्रंकेतलं इस्त्रीचं लुगडं काढलं, तो पहिला कागद पिशवीत घातला आणि राहीला बरोबर घेऊन निघाली. देवरुखला ती कित्येक वर्षांत गेली नव्हती. पाखाडी उतरताना तीच पुढं होती आणि राही दर वळणाला दगडी गडग्यावर टेकत होती. एसटीत म्हातारीनं खिडकीची जागा तिला दिली आणि वारा लागतो म्हणून खिडकी लावून घेतली.

डॉक्टर मालिनी पटवर्धन यांचा दवाखाना बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होता. बाई पन्नाशीच्या, चष्मा लावणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी राहीला बोलू दिलं. राही सावकाश बोलायची, शब्द अडायचे, आणि डॉक्टरबाई घाई करत नव्हत्या. केसांचं विचारलं, पोटाचं विचारलं, पाळीचं विचारलं. सोनूबाईला बाहेर बसायला सांगावं का असंही विचारलं. राही म्हणाली, राहू दे. जुन्या लुगड्यांची गोष्ट तिनं पहिल्यांदा सासूच्या देखत सांगितली. सोनूबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

डॉक्टरबाईंनी नाडी बघितली आणि घड्याळाकडे बघत बराच वेळ मनगट धरून ठेवलं. गळा चाचपला, पाणी गिळायला लावलं. मग राहीला खुर्चीवर गुडघे टेकवून, पावलं मागं सोडून उभं केलं आणि रबरी हातोडीनं टाचेच्या वरच्या शिरेवर हलकेच मारलं. पाऊल झटकन हललं, पण परत जागेवर यायला त्यानं वेळ घेतला, सावकाश, झोपेतल्यासारखं. डॉक्टरबाईंनी दुसऱ्या पायावर मारलं. तेच झालं. त्यांनी सोनूबाईला जवळ बोलावून ते दाखवलं आणि हातोडी सोनूबाईच्या स्वतःच्या पायावर मारून दाखवली. म्हातारीचं पाऊल लगेच परत आलं.

मग त्यांनी पहिला कागद वाचला.

"आजी, आधीच्या डॉक्टरांना संशय बरोबर आला होता. तपासणी मात्र अर्धीच झाली. ह्यात एकच गोष्ट मोजलीय, टी-थ्री. ती बऱ्याचदा पार शेवटपर्यंत ठीक दिसते." त्या राहीकडे वळल्या. "गळ्यातल्या ह्या ग्रंथीनं काम कमी केलं की डोक्यातून तिला हाका जातात. ती जितकी ऐकत नाही तितक्या हाका वाढतात. त्या हाका मोजायच्या असतात. त्याला टीएसएच म्हणतात. ते कुणी मोजलंच नाहीये."

सोनूबाईनं विचारलं, मग आजार आहे की नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, मला वाटतं आहे, पण वाटण्यावर जन्मभराची गोळी देता येत नाही. आधी रक्त जाऊ दे. देवरुखात ही तपासणी होत नव्हती, रक्त कोल्हापूरला पाठवावं लागायचं. राहीनं इंजेक्शन तरी द्या म्हणून विनवलं. घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं नाही. लघवीच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या. रक्त कमी दिसत होतं, म्हणून लोहाच्या गोळ्या तेवढ्या दिल्या. नोंदवहीत माळकोंडच्या पाखाडीखाली, रस्त्यावर असलेल्या सखारामच्या दुकानाचा फोन नंबर लिहून घेतला.

दोघी घरी पोचल्या तेव्हा लवूनं विचारलं, काय म्हणाले. सोनूबाई म्हणाली, रक्त कोल्हापूरला गेलंय. लवू आणि सुगंधानं एकमेकांकडे बघितलं. सुगंधाचं पोर तापानं फणफणलं होतं, भात कांडायचं राहिलं होतं, गुरं दिवसभर दावणीला उपाशी. लवूला आणखी थांबवेना. दुसऱ्या दिवशी त्यानं पडवीच्या टोकाला जांभ्याचे तीन चिरे मांडून चूल केली, टोपं-ताटं वाटून दिली, तांदूळ मोजून दिले. काही वाईट बोलला नाही. काम करताना त्याची मान खाली होती. राही उंबऱ्यात बसून बघत होती. तिला राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात काहीतरी लागतं. ती उठली आणि नव्या चुलीत काटक्या सारू लागली. काटक्या ओल्या होत्या. धुरानं तिचे डोळे सुजले.

जेवायच्या वेळी सोनूबाईनं स्वतःचं ताट उचललं आणि पडवीच्या टोकाला येऊन बसली. लवूनं आतून हाक मारली. ती म्हणाली, "मी हितं जेवते." राहीनं तिला पेज वाढली. पेजेत मीठ घालायचं ती विसरली होती. म्हातारीनं मिठाचा खडा घेतला आणि जेवली.

कोल्हापूरहून कागद यायला वेळ लागला. त्या दिवसांत राहीनं गुरांना पाणी दाखवलं, शेण काढलं, वाटेत बसत बसत विहिरीवरून कळशी आणली. एकदा कळशी घेऊन पायरीवरच बसली ती ऊन उतरेपर्यंत. येणारे-जाणारे बाजूनं गेले. एका बाईनं तिची कळशी उचलून घरी पोचवली आणि सोनूबाईला म्हणाली, सुनेला जरा हलवत जा, अशानं ती बसूनच राहील.

शेवटी सखारामनं निरोप पाठवला, डॉक्टरबाईंनी बोलावलंय. पुन्हा एसटी, पुन्हा मागची गल्ली. डॉक्टरबाईंनी कागद टेबलावर सरळ करून बोट ठेवलं. जो आकडा पाचाच्या आत हवा तो शंभराच्या वर गेला होता.

"इतके दिवस तुम्ही उभ्या राहून कामं करत होतात, हेच मला आश्चर्य वाटतंय," त्या म्हणाल्या.

राही ऐकत होती. कुणीतरी पहिल्यांदा तिला काम करणारी म्हटलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. सोनूबाईला वाटलं आजार फार मोठा आहे, ती घाबरून विचारू लागली, वाचेल ना. डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, एक लहानशी गोळी आहे. सकाळी उठल्यावर अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. लोहाची गोळी घ्यायची ती दुपारी, दोन्ही एकत्र नाहीत. सुरुवात थोड्यानं करू, शरीराला एकदम झेपत नाही. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त. आणि गोळी बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, ती कायमची.

वाटेत सखारामच्या दुकानातून भागोजीला फोन लावला. फोन त्याच्या शेजारच्या चाळीत होता; तिथून त्याला बोलवायला माणूस गेला, मग तो आला. जन्मभर गोळी हे त्याच्या गळी उतरेना. तो म्हणाला, "पयल्या डॉक्टरानं तर काय नाय म्हनून सांगितलान. ह्या नवीन बाईनं कशावरून?"

राहीनं आजवर फोनवर नवऱ्याला उलट उत्तर दिलं नव्हतं. ती म्हणाली, "त्येनी सांगितलान ता अर्धा व्हता. ह्यांनी पुरा मोजलाय." आणि रिसीव्हर सखारामच्या हातात दिला.

पहिले आठवडे काही झालं नाही. रोज सकाळी सोनूबाई पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन उभी. गोळी गिळून झाली की चहाचं आधण ठेवायला ती राहीला हात लावू द्यायची नाही, उन्हं अंगणात येईपर्यंत थांबवायची. एकदा राही चिडून म्हणाली, काय उपयोग नाही, बंद करते. सोनूबाई म्हणाली, वर्षभर बिघडत गेलेलं आहे, आठवड्यात कसं येईल. आधी पोट सुधारलं. मग एका सकाळी चपला पायात सैल वाटल्या. तोंडावरची सूज उतरली आणि गालाची हाडं दिसायला लागली. सुगंधानं ते पाहिलं. त्या दिवशी गुरांसाठी तिनं राहीच्या वाट्याचंही पाणी काढून ठेवलं.

माघ सरता सरता भाजावळीचं, पावसाआधी शेत भाजून काढायचं काम निघालं. तोडून वाळवलेलं कवळं राही आणि सोनूबाई डोक्यावरून आणून शेतात पसरत होत्या. ऊन चढलं. तिसऱ्या का चौथ्या भाऱ्याला राही थांबली. तिनं कपाळाला हात लावला आणि हाताकडे बघत राहिली. हात ओला होता. मानेवरून, काखेतून, पाठीच्या पन्हळीतून पाणी उतरत होतं. वर्षभरात तिला घाम आला नव्हता.

"आये," तिनं हाक मारली.

सोनूबाईला वाटलं तिला चक्कर आली. ती भारा टाकून आली. राहीनं तिचा हात धरून आपल्या पाठीवर ठेवला. दोघी शेताच्या मध्ये तशाच उभ्या राहिल्या. मग सोनूबाईनं पदरानं तिची मान पुसली आणि म्हणाली, जरा सावलीत बस, अंगावर घाम सुकवू नको.

शिमग्याला भागोजी आला. लांबलेलं दुसऱ्या वेळचं रक्त द्यायला आणि मग कोल्हापूरचा कागद आल्यावर पुन्हा, असा दोनदा तो तिच्याबरोबर देवरुखला गेला. आकडा बराच खाली आला होता. अजून जास्त होता म्हणून डॉक्टरबाईंनी गोळी थोडी वाढवली. त्यांनी भागोजीला समोर बसवून सगळं समजावलं आणि मुंबईला कुठे तपासणी होते ते विचारून घ्यायला सांगितलं. परतताना एसटीत तो पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. उतरायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "मी समजलो तू सोंग करतंस." राही खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला बी तसाच वाटाया लागला व्हता." पाखाडी चढताना तो पुढं न जाता तिच्या बरोबरीनं चढला.

काजू पडायला लागले तोवर राही पूर्वीसारखी नव्हे, पण पूर्वीच्या जवळ आली होती. ती सकाळी उठून दोन्ही घरांचा गोठा झाडायची, कारण गोठा एकच होता. लवू हे बघत होता. एका संध्याकाळी तो पडवीच्या टोकाला येऊन बसला. आधी आंब्याचं बोलला, मग छपराच्या पत्र्याचं बोलला. मग आईला म्हणाला की आता वैनी बऱ्या झाल्या, चूल परत एक करूया. दोन चुलींना लाकूड दुप्पट जातं. सुगंधाचंही तेच म्हणणं आहे.

सोनूबाई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तिची चूल हाय. तिला इचार."

लवूनं राहीकडे बघितलं. सुगंधा आतल्या दारात येऊन उभी राहिली होती, पोराला कडेवर घेऊन.

राहीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, निखारे सारखे केले. मग म्हणाली, "भावजी, मी बरी झाले म्हनून चूल एक करायची. आनी परत आजारी पडले तर?"

आतल्या दारातून सुगंधा हळूच म्हणाली, "ताय, तवा माझ्या एकटीवर पडला व्हता सगळा."

"पडला व्हता," राही म्हणाली. "मी बघत व्हते. तुजा खोटा नाय गो. काम आपन दोघी मिळून करू, लावनी, कापनी, गुरां. पन चूल ऱ्हाऊ दे."

लवू उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राही गोळी गिळून पायरीवर बसली होती. सोनूबाई अजून उठली नव्हती. लवू मागच्या वाटेनं आला. त्याच्या डोक्यावर लाकडाची मोळी होती, वाळलेल्या ऐनाची, हाताएवढ्या जाडीची. ती त्यानं राहीच्या चुलीमागं भिंतीला नीट लावून ठेवली, एकावर एक, पावसाचा झोत येईल त्या बाजूला जाड लाकडं. टॉवेल झटकून तो निघाला.

"बसा भावजी. चा करते."

तो बसला. तिनं त्याच मोळीतलं एक लाकूड सारलं, आधण ठेवलं, गवती चहा टाकला. चहा झाला तेव्हा एकच कप भरून तिनं त्याच्यापुढं ठेवला. लवूनं कप उचलला आणि थांबला.

"तुमी?"

"मला अजून येळ हाय."

लवूनं कप खाली ठेवला. बशी वर झाकली. दोघं तसेच बसून राहिले, उन्हं अंगणात येईपर्यंत.